दोनशे चौदा नंबरची खुंटी

१

पिशवी गेली होती.

भिंत जागेवर होती, खुंटी जागेवर होती, टेबलावर मी काल अर्धा सोडलेला चहाचा कप होता आणि त्यात एक माशी मेली होती. फक्त पिशवी नव्हती. त्या पिशवीत आमच्या वस्तीतल्या एकशे त्रेसष्ट माणसांच्या जबान्या होत्या.

"आजी, तुम्ही घरी नेली होती का?" चष्मेवालीने विचारलं. ही समितीची लिहिणारी मुलगी. लोक बोलायचे, ती कागदावर उतरवायची.

"मी नेली असती तर इथे डोळे फाडून उभी राहिले असते का?" मी म्हटलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला. मग मला वाईट वाटलं, पण बोललेलं बोलून झालं होतं.

थोडं मागचं सांगते. इथली कोळशाची खाण बंद होऊन सहा वर्षं झाली. आता त्याच कंपनीला जमिनीखालचं तेल हवंय आणि शेजारची टेकडीही खोदायचीय. आमच्या विहिरींना दोन वर्षांपासून रॉकेलसारखा वास येतो. कंपनी म्हणते वास नाही, सरकार म्हणतं थोडा आहे. या हो-नाहीत इतके अर्ज झाले, इतक्या बैठका झाल्या, की खुर्चीत बसून बसून माझे गुडघे गेले. शेवटी बाहेरची समिती आली. ना कंपनीची ना सरकारची. तिच्या प्रमुख एक निवृत्त जजबाई. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, ज्याचा ज्याचा या कामाशी संबंध आहे त्याचा एकेक माणूस समितीत बसेल. कंपनीचा एक, पाणीवाल्यांचा एक, वस्तीचा एक. कागदावर आम्हाला 'हितसंबंधी' म्हणतात. हित त्यांचं, संबंध आमचा.

वस्तीने मला बसवलं. माझी शाळा दुसरीत सुटली, पण माझ्यासमोर खोटं बोलायला लोक कचरतात, म्हणून.

आज दुपारी दोनला सगळ्या जबान्या लोकांसमोर मोठ्याने वाचायच्या आणि पाचला जजबाईंच्या गाडीत घालायच्या, असं ठरलं होतं. गाडी परत येणार नव्हती. जबान्या गेल्या तर अहवालात एवढंच येणार की वस्तीचं म्हणणं मिळालं नाही. आणि पुन्हा घ्यायच्या तर कुणाच्या? तिघं मधल्या काळात वारले. नऊ घरं वस्ती सोडून गेली.

समितीला बसायला कंपनीने खाणीचं जुनं दिवाघर दिलं होतं. लांबलचक खोली, भिंतभर खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली पत्र्यावर नंबर. पूर्वी खाणीत उतरणाऱ्यांचे दिवे इथे टांगलेले असायचे. मी पिशवी रोज दोनशे चौदा नंबरला अडकवायचे. तो माझ्या नवऱ्याचा नंबर.

आता त्या खुंटीवर पिशवीच्या जागी निळ्या सुतळीत ओवलेली एक बारकी किल्ली लटकत होती.

"कपाटाची असेल," चष्मेवाली म्हणाली.

मी ती काढून बटव्यात टाकली. तेवढ्यात दारात माझे धाकटे दीर. दिवाघरात त्यांनी उभी हयात काढली, पण समिती बसल्यापासून त्यांनी इथे पाय ठेवला नव्हता. जबानीसुद्धा म्हणे त्यांनी पोरीला बाहेरच्या बाकावर बसून दिली.

"तुम्ही कुठे इकडे भावजी?"

"सहज. चालतच आलो. सायकल पंक्चर आहे ना," ते म्हणाले. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं. "काय झालं वहिनी?"

"सायकलचं रडगाणं कालपासून ऐकतेय. तुमच्यापायी सुनेने काल पाणी डोक्यावर आणलं. आणि इथे जबान्या गेल्यात."

त्यांनी दाराची चौकट धरली.

२

जजबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोलिसांना कळवलं. पोलीस म्हणाले, चारपर्यंत कुणीतरी येईल.

"चारला येऊन काय पाचला चहा पिणार?" मी म्हटलं. "बाई, दोनपर्यंत मला द्या."

जजबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही काय करणार, आजी?"

"विचारणार. दुसरं काय येतं मला?"

पहिला धरला गोडबोल्याला. हा समितीतला कंपनीचा माणूस. याच्या तोंडातून कधी वाकडा शब्द निघत नाही, म्हणून वस्तीने हे नाव ठेवलंय. तो नकाशासमोर उभा होता. नकाशात पूर्वेला लाल ठिपका. तेलाचं पहिलं भोक तिथे पाडायचं होतं.

"मावशी, ऐकून फार दुःख झालं," तो म्हणाला.

"दुःख झालेल्या माणसाचे बूट इतके चकचकीत नसतात. काल पाच ते सहा कुठे होतास?"

पाच ते सहा कारण साडेचारला मी स्वतः पिशवी अडकवून घरी गेले. पाचला पाण्याचा टँकर येतो. त्या वेळी वस्तीत चिटपाखरू राहत नाही, सगळे नळीपाशी. सहाला चष्मेवालीने कुलूप लावलं, तेव्हा खुंटीकडे पाहिलं नाही. गेली ती मधल्या तासात.

"गाडीत होतो. टँकरच्या मागेच."

"पुरावा?"

तो हसला. "तुमच्या सूनबाईंनी माझ्या काचेवर बादली आपटली. रस्ता अडवला म्हणून. काच तडकलीय, बघा हवं तर."

हे खरं होतं. सून काल घरी येऊन तेच सांगत होती, आणि मी तिला शाबासकी दिली होती. चाळीस बायका त्याला तासभर शिव्या घालत होत्या. इतकी पक्की साक्ष कोर्टातही मिळत नाही.

"काळजी करू नका," तो म्हणाला. "कंपनीने एक सोपा फॉर्म करून ठेवलाय. एका दिवसात सगळ्यांचं मत घेता येईल. फक्त हो किंवा नाही."

"तयार आहे? पिशवी गेल्याचं आज सकाळी कळलं आणि फॉर्म तयार?"

"तो महिन्याभरापासून तयार आहे, मावशी. आम्ही नेहमी तयारच असतो."

तेही खरंच असणार. अशा माणसाला चोरी करायची गरज पडत नाही, तो वाट बघतो.

"आणि हा लाल ठिपका? तिथे खाली जुना बोगदा आहे ना?"

"पूर्वेचा बोगदा. पाणी शिरलं तेव्हा बंद केला. रिकामा आहे. खाणीच्या वहीत नोंद आहे, त्या दिवशी उतरलेले सगळे वर आले." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, राग मानू नका. पण तुम्ही सारखं बाहेरच्यावर बोट दाखवताय. कंपनीला त्या कागदांची भीती नाही. ती कुणाला आहे, ते तुमच्याच वस्तीत शोधा."

मी बटवा कमरेला खोचला आणि टँकरवाल्याकडे निघाले.

३

टँकरवाला पिंपळासारखा उंच आणि तितकाच सळसळणारा. आमच्या विहिरी नासल्या तेव्हापासून याचं बरं चाललंय. तेलाचं काम थांबलं आणि विहिरी सुधारल्या तर याचा टँकर गंजेल. शिवाय निम्म्या वस्तीने मला आपणहून सांगितलं होतं, जबानीत याचं नाव घातलंय: पाणी कमी देतो, उर्मट बोलतो, नळीला गळती.

"काकू, माझ्यावर संशय?" त्याने छातीवर हात ठेवला. "मी तुमच्या लेकासारखा."

"माझा लेक पाण्यात माती घालून विकत नाही. काल कुठे होतास?"

"टाकीवर. नळी धरून. साडेपाचला एक कॅन उलटला म्हणून तुमच्या शेजारणीने माझ्या सात पिढ्या काढल्या. तिला विचारा."

विचारलं. शेजारणीने त्या सात पिढ्या मला पुन्हा ऐकवल्या. एकही सोडली नाही.

टँकरवाल्याला वाटेला लावत होते, तोच तो थांबला. "काकू, एक सांगू? कोण कुठे होतं हे कशाला विचारता? काल रांगेत कोण नव्हतं, ते विचारा. पाण्याला कुणी चुकत नाही."

"आमची चष्मेवाली नव्हती."

"ती होती. बाटली घेऊन आली होती, पाव तास. दार उघडं टाकून आले म्हणाली आणि पळाली."

मी तशीच माघारी वळले. ऊन डोक्यावर आलं होतं, पायात गोळे. एकोणीस वर्षं मी या रस्त्याने जाते-येते, आणि एकोणीस वर्षं लोक माझ्या पाठीमागे तेच बोलतात. हिचा नवरा एक दिवस खाणीतून वर आला आणि घरी न येता पळून गेला. हिच्या जिभेला कंटाळून. ना मी विधवा, ना नांदती. त्या लोकांच्याच जबान्या मी आज शोधत होते.

पोरीने मला सकाळी हे का सांगितलं नाही, की दार उघडं होतं?

४

चष्मेवाली पेटीवर बसून रडत होती.

"रडून घे, पण बोलत बोलत रड," मी म्हटलं. "माझ्याकडे वेळ नाही."

"माझी नोकरी जाईल आजी. मी दार उघडं टाकलं."

"तू चोरलीस?"

"नाही!"

"मला माहीत आहे. तुला चोरायची असती तर तीन आठवडे पिशवी तुझ्याच ताब्यात होती. टाईप किती झाल्या?"

"चाळीस."

"खोलीतलं आणखी काय गेलं?"

"काहीच नाही. कॉम्प्युटर आहे, कंपनीचे कागद आहेत, माझी पर्ससुद्धा इथेच होती."

मी तिच्याशेजारी बसले. पेटी करकरली. "पोरी, जबान्या वाचायच्या आहेत हे लोकांना कधी कळलं?"

"परवा. तुम्हीच बैठकीत सांगितलंत ना."

मीच सांगितलं होतं. मला वाचता येत नाही, माझ्यासारखीच अर्धी वस्ती. उद्या कुणी म्हणेल असं लिहिलंय, तसं लिहिलंय. म्हणून मी हट्ट धरला, की एकेक कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. आणि कुणी मधलं पान बदलू नये म्हणून सगळी चळत मी स्वतःच्या हाताने दाभणाने शिवली. जाड दोरा, पोत्याची शिवण, मागे माझी दुहेरी गाठ.

"त्यानंतर कुणी या कागदांबद्दल विचारायला आलं होतं?"

ती गप्प झाली. रडणंही थांबलं. याच गप्प होण्याची मी सकाळपासून वाट बघत होते.

"एक जण आले होते. काल, तुम्ही गेल्यावर लगेच. खिडकीबाहेरूनच म्हणाले, माझा कागद परत मिळेल का. मी म्हटलं, मिळणार नाही, शिवलंय, एक पान ओढलं तर सगळंच उसवेल. मग ते निघून गेले."

"कोण?"

"आजी, नाही सांगता येणार."

"काय म्हणालीस?"

"कुणाची जबानी काय आहे आणि कोण ती देऊन घाबरलंय, हे वाचन होईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही. नियम आहे." तिने चष्मा पुसला. "तुम्हीच करायला लावला होता, पहिल्या आठवड्यात. कंपनी लोकांना दमात घेईल म्हणून. तुम्ही म्हणाला होतात, मलासुद्धा सांगू नकोस."

मी म्हटलं होतं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं.

एवढं मात्र कळलं. चोराला पिशवी नको होती, एकच पान हवं होतं. ते माझ्या शिवणीमुळे निघेना, म्हणून त्याने सगळीच चळत उचलली. कंपनीला एक पान कशाला? पाणीवाल्याला कशाला? हा आमच्यातलाच होता. स्वतःच बोलून स्वतःच घाबरलेला.

"कपाट उघड," मी म्हटलं आणि बटव्यातून किल्ली काढली.

किल्ली कपाटाला लागली नाही. टेबलाच्या खणाला लागली नाही. दाराच्या कुलपात तर शिरलीही नाही.

५

सव्वा बारा वाजले होते. मी दोनशे चौदा नंबरच्या खुंटीसमोर स्टूल ओढून बसले आणि ती किल्ली हातात घेऊन बघत राहिले.

चोर नेतो. ठेवून कशाला जातो?

विसरला म्हणावं, तर किल्ली टेबलावर पडली असती, जमिनीवर पडली असती. ही खुंटीला अडकवलेली होती. सुतळीचा फास नीट बसवून, अगदी मधोमध. पिशवी काढणाऱ्याच हाताने लगेच ही लावली होती.

मग मला माझा नवरा आठवला. तो असाच होता. घरात दोरीवरचा शर्ट काढला की तिथे दुसरं काहीतरी टाकणार. टॉवेल, मोजा, काहीही. मी चिडायचे. तो म्हणायचा, "अगं, रिकामी खुंटी बघवत नाही. हाताला सवय आहे."

दिवाघराची शिस्त होती ती. खाणीत उतरणारा खुंटीवरचा आपला दिवा घ्यायचा आणि त्याच खुंटीला आपला पितळी बिल्ला लावायचा. वर आला की दिवा परत टांगायचा, बिल्ला खिशात घालायचा. खुंटीवर बिल्ला, तर माणूस खाली. खुंटीवर दिवा, तर माणूस वर. खुंटी रिकामी कधीच ठेवायची नाही. रिकामी खुंटी म्हणजे माणसाचा हिशेबच लागत नाही.

खाणीत उतरणाऱ्याला ती सवय दिवसातून दोनदा. पण जो या खोलीत बसून पाळीला शंभर-शंभर दिवे काढायचा आणि लावायचा, त्याच्या हाताचं काय? या खोलीत, या भिंतीसमोर, एक हात पिशवी काढतोय म्हटल्यावर दुसरा हात खिशात जाणारच. जे हाताला लागेल ते लावणारच. डोक्याला पत्ताही लागणार नाही.

मी उठले. बसून राहावंसं वाटत होतं, खरं सांगते.

दिवाघराच्या मागे कोळसा वाहायच्या मोडक्या वाघिणी पडल्यात, तिकडे कुणी फिरकत नाही. दोन वाघिणींच्या मधे एक सायकल उभी होती. दांडीला जुनं हिरवं रबर गुंडाळलेली. ते रबर मीच गुंडाळलं होतं.

मी पुढचं चाक दाबलं. टणक. मागचं दाबलं. तेही टणक.

निळ्या सुतळीतली किल्ली कुलपात घातली. खट्कन उघडलं.

६

भावजी आमच्या घरी स्वयंपाकघरात खाली बसले होते, भिंतीला टेकून. मी किल्ली त्यांच्यासमोर ठेवली.

"पंक्चर निघालं," मी म्हटलं.

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "कुठे होती?"

"दोनशे चौदाला. तुम्हीच लावली होती."

"मी..." त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा आहे. "बाहेर आल्यावर खिसे चाचपले. परत आत जाणार, तर पोर परत आली होती. सकाळी आलो, तर तुम्ही."

"पिशवी कुठे आहे?"

"माझ्या ट्रंकेत. जाळणार होतो, वहिनी. चूल पेटलेलीच होती. पण आत बाकी लोकांचंही होतं."

"तुमचं काय आहे तिच्यात?"

"दोनला वाचतीलच."

"दोनला मी सगळ्या वस्तीसमोर बसलेली असेन. आत्ता मी एकटी आहे. बोला."

सूनबाई दारात आली होती. मी तिला हातानेच थांबवलं, पण जा म्हटलं नाही.

"त्या दिवशी पूर्वेला पाणी शिरलं," ते म्हणाले. "भोंगा झाला. सगळे वर आले, दिवे लावले, बिल्ले नेले. एकच बिल्ला राहिला. दादाचा. मी वरच्या साहेबाला सांगितलं, एक माणूस खाली आहे. तो म्हणाला, तुझा भाऊ नेहमी मागच्या वाटेने निघतो, आताही गेला असेल घरी. बोगद्याचं तोंड आत्ता बंद केलं नाही तर सगळी खाण बुडेल, आणि एक जरी बिल्ला दिसला तर बंद करता येत नाही. दिवा लाव तिथे." त्यांनी किल्ली उचलून परत खाली ठेवली. "दादा मागच्या वाटेने जायचा, वहिनी. खरंच जायचा. मला वाटलं, घरी बसून चहा पीत असेल. मी फडताळातला जादा दिवा लावला. बिल्ला खिशात घातला. घरी आलो, तर तुम्ही दारात. तुम्ही मला विचारलंत..."

"हे कुठे आहेत," मी म्हटलं.

मला आठवत होतं. मी दारात उभी होते, हाताला पीठ होतं. भावजी मागे वळून धावत सुटले होते. मला वाटलं होतं, भावाला शोधायला गेले.

"पोचलो तोवर भिंत अर्धी चढली होती. मी ओरडलो. साहेब म्हणाला, दिवा कुणी लावला? तू. आता बोल काय बोलायचं ते."

चुलीवर काहीतरी उतू गेलं. कुणी उठलं नाही.

"एकोणीस वर्षं," मी म्हटलं. "लोक म्हणाले पळून गेला. माझ्या जिभेला कंटाळून. तुम्ही ऐकत होतात. माझ्या हातचं जेवत होतात आणि ऐकत होतात."

"हो."

"मी तुम्हाला वाढवलं."

"हो वहिनी."

"मग त्या पोरीला का सांगितलंत?"

"खिडकीतून नकाशा पाहिला. ठिपका तिथेच आहे. भोक तिथेच पाडणार आहेत. वाटलं, अहवालात लिहिलं जाईल, कुणीतरी कुठेतरी वाचेल, भोक दुसरीकडे नेतील. तुम्हाला कळणार नाही. तुम्हाला तर वाचता येत नाही. मग तुम्ही म्हणालात, सगळं मोठ्याने."

त्यांना मारावं असं वाटलं. हातही उचलला असता. पण हात इतका जड झाला होता, की मांडीवरून हलेना. मी त्या माणसाकडे बघत होते. अठ्ठावन्न वर्षांचा, डोक्यावर चार केस. माझ्या लग्नात हा पोरगा माझ्या खोलीबाहेर बसून रडला होता, की दादा आता माझ्याशी खेळणार नाही.

"बिल्ला कुठे आहे?"

त्यांनी ट्रंक ओढली. वर दिवाघराचा गणवेश, घडी घातलेला. खाली पिशवी, माझी शिवण जशीच्या तशी, एक टाकाही उसवलेला नाही. गणवेशाच्या खिशातून त्यांनी बिल्ला काढून जमिनीवर ठेवला. पितळ काळं पडलं नव्हतं. कुणीतरी ते पुसत आलं होतं, एकोणीस वर्षं.

"तुमचं पान कितवं आहे?"

"सत्त्याण्णव."

"ते तुम्ही वाचाल. उभं राहून. मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. आणि आता उठा, तोंड धुवा. एक वाजून गेला."

७

दोनला दिवाघर भरलं. खुर्च्या संपल्या, लोक खिडक्यांत बसले. पिशवी दोनशे चौदाला टांगली होती. कुठे सापडली, कशी सापडली, जजबाईंनी विचारलं. मी म्हटलं, सत्त्याण्णवाव्या पानापर्यंत थांबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. शहाणी बाई.

वाचन सुरू झालं. चष्मेवाली वाचत होती. विहिरीचं पाणी, पोरांच्या अंगावरचे चट्टे, तडे गेलेल्या भिंती, मेलेली गुरं. टँकरवाल्याच्या सात पिढ्या पुन्हा निघाल्या, आणि तो बिचारा पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकत होता. लोक हसले, गप्प झाले, पुन्हा हसले. पन्नासाव्या पानाला जांभया. माझ्या डोळ्यांवरही झापड येत होती. माझ्याच माणसांची दुःखं, पण एकामागून एक ऐकली की दुःखाचाही शीण येतो.

मग तिने वाचणं थांबवलं आणि चळत भावजींच्या हातात दिली.

त्यांनी वाचलं. अडखळत वाचलं, पण सगळं वाचलं. दिवा, बिल्ला, साहेब, भिंत. मी समोर बघत होते. पाठीमागून एकोणीस वर्षं जे बोलायचे, ते सगळे आता माझ्या पाठीमागेच बसले होते, आणि त्यांच्यातलं कुणी बोलत नव्हतं.

गोडबोल्या उठला. चेहरा आज पहिल्यांदा गोड नव्हता. "जुनी गोष्ट आहे," तो म्हणाला. "पुरावा काय? वहीत नोंद आहे, सगळे वर आले. या माणसाने चोरीही केलीय, त्याचा काय भरवसा?"

"चोरी केली," मी म्हटलं. "आणि चोरीतही खुंटी रिकामी ठेवली नाही. म्हणून सापडला. या माणसाने जन्मात एकदाच या भिंतीवर खोटं टांगलं, ते तुमच्या सांगण्यावरून. ठिपका जिथे आहे तिथे भिंत फोडा आणि बघा. पुरावा आत बसलाय."

जजबाईंनी टेबलावर हात ठेवला. "ती भिंत उघडल्याशिवाय पूर्वेला कुणी काही खोदणार नाही," त्या म्हणाल्या. "अहवालात पहिलं वाक्य हे असेल. साहेब, बसा."

तो बसला. उरलेली पानं वाचून झाली, तेव्हा साडेचार होत आले होते. चळत पिशवीत गेली, पिशवी खुंटीवर. बाहेर गाडी सुरू झाली होती.

पिशवी मीच उतरवली आणि जजबाईंच्या हातात दिली. मग मुठीतला बिल्ला काढला. दुपारपासून मुठीतच होता, तळव्यावर आकडा उमटला होता. मी तो दोनशे चौदा नंबरच्या खुंटीला लावला. मधोमध, नीट.

मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्या. जुने खाणीवाले एकेक करून उभे राहिले. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

"आजी, हे काय?" जजबाईंनी विचारलं.

"नोंद दुरुस्त केली बाई," मी म्हटलं. "माणूस खाली आहे."